मास्तरांची हद्द

मुलुंडला आमच्या आळीत माझी एका सवयीवरून थट्टा होते. पाहुणा निघाला की मी वहाणा चढवतो आणि त्याला रेल्वे फाटकापर्यंत पोचवतो, तेही त्याच्या पुढे चालत. पाहुणा वाट चुकेल याची हवालदारसाहेबांना भारी काळजी, असं शेजारचे हेडक्लार्क म्हणतात. दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली. ही खोड मला कुणी लावली ते एकदा सांगून टाकतो.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात फौजेतली आमची कंपनी इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर होती. डोंगरावरच्या एका जुन्या तेलघाण्यात समुद्रापलीकडच्या आल्बेनियातून पळून आलेली माणसं राहत. त्यांना दर आठवड्याला रेशन आणि औषधं पोचवायचं काम माझ्याकडे आणि लान्स नायक काशिनाथकडे होतं. काशिनाथ गोवंडीपलीकडच्या कोळीवाड्यातला. वायरलेस सेट त्याच्या पाठीवर आणि नाही नाही त्या चौकशा त्याच्या तोंडात. वाटेवरचे सुरुंग सॅपर्सनी काढून कडेला पांढरी फीत लावली होती. ऑर्डर एकच, फितीबाहेर पाय टाकायचा नाही.

तिथल्या एका म्हाताऱ्याला आम्ही मास्तर म्हणायचो. त्यांना इंग्रजी बरं यायचं. मला दुभाष्या करून काशिनाथ दर खेपेला त्यांच्या आयुष्याचा एकेक तुकडा काढून घेई. लहानपणी तुर्कांच्या राज्यात आल्बेनियन भाषेच्या शाळेला बंदी होती, म्हणून ते गोठ्यात लपून अक्षरं शिकले. मोठेपणी गावोगाव शाळा काढल्या, मुलींसाठीसुद्धा. लोकांनी त्यांना संसदेत निवडून दिलं. मग इटालियन फौज आली, तिने तुरुंगात टाकलं. आता तिकडच्या नव्या कम्युनिस्ट राजवटीलाही ते नको होते. मग आता काय करता, असं काशिनाथने विचारलं तर त्यांनी घाण्याच्या दगडाभोवती बसलेल्या मुलींकडे बोट दाखवलं. शाळा चालूच होती.

निघताना मात्र दर वेळी तोच प्रकार. मास्तर काठी घेऊन आमच्या पुढे चालू लागत, ते खालच्या विहिरीपर्यंत. पाहुणा आपल्या हद्दीत आहे तोवर त्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची, असा त्यांच्याकडचा रिवाज. स्वतःचं गाव गमावलेल्या माणसाने परमुलखातली एक विहीर हद्द म्हणून ठरवावी, याचं मला मोठं नवल वाटे. काशिनाथला हसू येई.

"बंदुका आपल्याजवल, आन् सोबत म्हाताऱ्याची," तो म्हणायचा.

त्या दिवशी आम्ही वर असतानाच पाऊस कोसळला. परतताना विहिरीच्या अलीकडे पाहिलं, तर डोंगरावरची माती वाहून वाटेवर आली होती. फीत चिखलाखाली गेलेली. मास्तर पुढे होते. मी हाक मारून थांबवलं.

"मास्तर, मागे व्हा. मी पुढे होतो."

"विहीर आली का?"

"नाही."

"मग पुढे मी."

मी बाही धरायला धावणार, तोवर ते बरेच पुढे चिखलात गेले होते. वरून वाहून आलेला सुरुंग चिखलात होता. मास्तर जागीच गेले. आम्हाला साधा ओरखडाही नाही. काशिनाथने सेट चालू केला.

"वन कॅज्युअल्टी. सिव्हिलियन. ओव्हर."

"आपला कुणी? ओव्हर."

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं.

"आपलाच हाय, साहेब. ओव्हर."

सॅपर्स येईपर्यंत आम्ही जागचे हललो नाही. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांना विहिरीच्या अलीकडे, त्यांच्या हद्दीत पुरलं. मुलींनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. अर्थ विचारायचा आम्हाला धीर झाला नाही.

त्या चिखलात काय आहे याची मास्तरांना शंका आली होती का, हा वाद अजून मिटलेला नाही. मी म्हणतो, आली होती. काशिनाथ म्हणतो, आली नसती तरी तेच पुढे गेले असते.

काशिनाथ आता पुन्हा होडीवर असतो. दर हिवाळ्यात एकदा मासळी घेऊन मुलुंडला येतो. निघाला की मी वहाणा चढवतो. इतर पाहुण्यांच्या मी पुढे चालतो. काशिनाथ असला की आम्ही दोघं फाटकापर्यंत जोडीने जातो, पुढे एका माणसाची जागा मोकळी ठेवून.