गप्प केबल

शिरोड्यातल्या आमच्या कॉलेजच्या कार्यालयातली नेटवर्कची वर्दळ कुडाळहून दिसावी, म्हणून स्विचवर, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडलेल्या असतात त्या पेटीत, तशी सोय करायला तिथल्या कंपनीचा तंत्रज्ञ आला होता. चपला दाराबाहेर काढून, मांडी घालून पेटीसमोर बसला. एकेका केबलचा बोटांनी मागोवा घेत टेबलापर्यंत जायचा आणि तिच्यावर तिथे बसणाऱ्या माणसाचं नाव चिकटवायचा.

"म्हणजे मी दिवसभर काय बघते, ते तुम्हाला कळणार?" मी घुश्शातच विचारलं.

"नाय ओ मॅडम. किती जाता ता दिसतला, काय जाता ता नाय."

मला ते पटलं नव्हतं.

पुढे मी तापाने घरी पडले, एकटीच. कार्यालयात सगळ्यांना वाटलं, रजेवर असेन. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

"मॅडम, तुमची केबल तीन दिस गप आसा. बरा आसा मां?"