झोपाळा टांगायचा कुठे?

नर्सची नोकरी करत होते तोवर मी कुठे राहते याची कोणाला पडलेली नव्हती. रिटायर झाले आणि जो तो विचारायला लागला, "मग आता कुठे सेटल होणार?" अरे, इतकी वर्षं मुलुंडला मी काय वेटिंग रूममध्ये बसले होते? पण हा प्रश्न एकदा मागे लागला की किस्से आपोआप जमतात. कपाटावर रिकाम्या पिशव्या जमतात ना, तसे. टाकवत नाहीत.

आम्ही तिघी एकाच हॉस्पिटलच्या. मी कांबळे, फिलो वाकोल्याची आणि कुंदा सावंत घाटकोपरची. सगळे वॉर्ड मिळून काढले, मेट्रनच्या शिव्या मिळून खाल्ल्या. रिटायर झाल्यावर दर गुरुवारी एकीकडे चहा ठरलेला. विषय एकच, राहायचं कुठे!

*

आधी कुंदाचा साखरपुडा सांगते. तो जुना किस्सा, पण त्याशिवाय कुंदा कळणार नाही.

आमच्याकडे ड्यूटी संपली म्हणून पर्स उचलून निघता येत नाही. पुढच्या शिफ्टची सिस्टर येते, ती आपली रिलिव्हर. तिला प्रत्येक बेडपाशी नेऊन पेशंट समजावून सांगायचा. याला म्हणतात ओव्हर देणं. ती "घेतली" म्हणाली की आपण सुटलो. आणि रिलिव्हर आलीच नाही तर? तर बसा! डबल ड्यूटी!

साखरपुड्याच्या दिवशी कुंदा सकाळची ड्यूटी करायला आली. म्हणे, "दुपारी सुटते, संध्याकाळी साडी नेसते." नेमकी रिलिव्हर आली नाही. घरी पाहुण्यांचे पोहे खाऊन झाले, चहा दोनदा झाला, नवरीचा पत्ता नाही! शेवटी नवरदेवच हॉस्पिटलात हजर. नवा कोरा शर्ट, खिशात रुमाल. कुंदा दारात येऊन म्हणाली, "रिलिव्हर आली की निघू."

दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे लग्न मोडलं असतं. सावंत म्हणाले, "येऊंदे सावकाश." आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी तेव्हाच फिलोला म्हटलं, हिचं भलं झालं!

*

फिलोची मुलगी परदेशात. आईला म्हणाली, "मम्मी, वाकोल्यात काय ठेवलंय? इकडेच राहा." गेली बिचारी. मोठं घर, मागे बाग, बागेत खारी. फोटो बघून आम्ही दोघी जळून खाक!

थोड्या महिन्यांनी बाई परत. मुलीचा रोज फोन, "मम्मी, इथे कमी काय होतं तुला?"

फिलो खिडकीत उभी होती. खाली कोळीण बोंबील शिळे नाहीत म्हणून शपथा घेत होती आणि फिलो ते शिळे आहेत म्हणून ओरडत होती. फोनवर हात ठेवून तिने तो सौदा आधी पुरा केला. मग म्हणाली, "बेबी, भांडायला कोणी नव्हतं गं!"

*

माझ्या नवऱ्याला गावाचं वेड. साताऱ्याकडचं गाव. सासरे तरुणपणी ते सोडून देवनारला आले. गावाच्या बाहेरची वस्ती, गावाने दिलेली वागणूक, ते काही विसरले नव्हते. म्हणायचे, "मी गाव सोडलं ते परत जायला नाही." पण त्यांच्या मुलाला शांतता पाहिजे होती. म्हटलं चला, घ्या शांतता.

पहिल्या दिवशी साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले. "काय झकास वाटतंय!" दुसऱ्या दिवशी विचारायला लागले, पेपर किती वाजता येतो? तिसऱ्या दिवशी सकाळपासून गायब! शोधत शोधत गेले तर एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलेले.

"कोणाची वाट बघताय?"

"कोणाची नाही गं. जरा गर्दी बघतोय."

संध्याकाळची गाडी पकडून मुलुंडला परत आलो. त्यानंतर आमच्या घरात गावाचा विषय नाही.

*

मग आम्हाला कोणीतरी सांगितलं की पुण्याच्या अलीकडे म्हाताऱ्यांसाठी मस्त कॉलनी झाली आहे. तिघी गेलो बघायला. मॅनेजर टाय लावलेला, गोड बोलणारा. क्लब हाऊस दाखवलं, योगा हॉल दाखवला. बाथरूममध्ये लाल दोरी होती. म्हणाला, "आँटी, पडलात तर ही ओढायची. आमचा स्टाफ तुरंत हजर!"

कुंदाने ओढली. आम्ही थांबलो. फिलो कमोडचं झाकण पाडून वर बसली. बऱ्याच वेळाने एक माणूस आला, ट्रेमध्ये तीन चहा घेऊन!

कुंदाचा पारा चढला. "पडलेल्या माणसाला चहा पाजणार? फ्रॅक्चर असलं तर?" तिने सगळ्या स्टाफला गोळा केलं, टायवाल्याला फरशीवर आडवं घातलं आणि पेशंट कसा उचलायचा ते दोनदा करून दाखवलं. निघताना टायवाला कपडे झटकत म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे जॉइन व्हाल का?"

"आम्ही घर बघायला आलोय, नोकरी नको!" कुंदा म्हणाली. पण गाडीत बसल्यावर मला वाटलं, तिला मनातून बरं वाटलं होतं.

*

आता सावंत भावजी. त्यांची मिल बंद पडली, मग एका बिल्डिंगीत लिफ्टमन झाले. पण कुडाळजवळचं घर त्यांनी सोडलं नाही. एका वर्षी पडवी, एका वर्षी कौलं, असं करत उभं केलं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "माका आनि काय व्हया? पडवीत एक झोपाळो, झोपाळ्यार कुंदा."

कुंदा घर बघायला गेली ती वॉर्डाच्या राउंडला गेल्यासारखी. बाथरूमचं दार आत उघडत होतं. म्हणाली, "बाहेर उघडणारं करा. माणूस आत दाराला टेकून पडला तर उघडणार कसं?"

सुतार बघतच राहिला. "वयनी, अजून कोण ऱ्हवाक येवंक नाय, आनि तुमी पडूची तयारी करतास!"

दार मात्र फिरवून घेतलंच.

*

आणि हा शेवटचा.

सावंतांनी दिवाळीनंतर जायचं नक्की केलं. निघायच्या आधीच्या गुरुवारी कुंदा चहा ढवळत बसली होती. म्हणाली, "मला जायचंय की नाही तेच कळत नाही गं. पण त्यांनी जन्मभर माझी वाट बघितली. आता मी नाही कशी म्हणू?" तिच्याशिवायचे गुरुवार माझ्या डोळ्यांसमोर आले.

निघायच्या दिवशी मी सकाळीच घाटकोपरला पोचले. खाली टेम्पो. सावंतांच्या गावचा बाबल्या सामान चढवत होता, सगळ्यात वर नवा सागवानी झोपाळा. भावजी बिल्डिंगच्या बाकावर बसलेले. मला म्हणाले, "थंय कॅरमाक चौथो गडी खंय गावतलो, ताच बघतंय." रोज संध्याकाळी गच्चीवर त्यांचा चौघांचा डाव असायचा, गावाला चौथा कुठून मिळणार ही काळजी.

एवढ्यात कुंदा आली आणि माझा हात धरून मला जिना चढवत घेऊन गेली. प्रत्येक दारापाशी थांबायची.

"या जोशी आजी. इन्सुलिन घेतात, पण जेवायचं विसरतात. आधी ताट बघायचं, मग सुई."

"हे शहाकाका. डोळ्यात थेंब. स्वतः घालतात म्हणतात, सगळे गालावर जातात."

"ही रेश्मा. पोटुशी. पाय सुजलेत, लाजते, सांगत नाही. आपण बघायचं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मला ओव्हर देत होती! जोशी आजी दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. रेश्मा मागोमाग जिना उतरत आली. शेवटी आम्ही खाली बाकापाशी येऊन थांबलो.

"घेतलीस ना?" कुंदाने विचारलं. आवाज कडक होता, पण माझा हात सोडला नव्हता.

सगळ्या नोकरीत मी तिची ओव्हर कधी नाकारली नाही. तोंडात शब्द तयार होता. पण मी मान आडवी हलवली.

"नाही घेतली," मी म्हणाले. "माझी ड्यूटी मुलुंडला आहे."

कुंदाने बाकाकडे बघितलं. सावंत भावजींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग वर खिडकीत आलेल्या जोशी आजींकडे, मग टेम्पोकडे. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, सावकाश उठले आणि हाक मारली,

"बाबल्या, सामान वर घे रे! झोपाळो पयलो! रिलिव्हर येवंक नाय!"