सिस्टरबाईंना अर्धं चालत नसे

सिस्टरबाईंना कोणी कसलंही वाक्य ऐकवलं, की त्यांचा उजवा हात वर जायचा. रस्त्यावर एसटी थांबवायला करतात ना, तसा. "थांब. याच्या वरतं का आहे? आन खालतं का आहे?" वाक्य बायबलमधलं असो, पेपरातलं असो, नाहीतर नळावर ऐकलेलं असो, त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं हे कळल्याशिवाय त्या मत देत नसत. शेजारच्या काकू म्हणायच्या, "सिस्टर, तुह्याजवळ चुगली करायची सोय नाई. पूर्ण हकीकत सांगा लागते, मंग मजा का राहते?"

त्या भंडाऱ्याकडच्या गोरेगावात दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर बसस्टँडमागच्या दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहायच्या. मी केशोरी गावची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. मामाच्या ओळखीने बाबांनी मला त्यांच्या मागच्या खोलीत आणून सोडलं, ते एवढ्याच विचाराने की एकटी बाई आहे, वयस्कर आहे, पोरीला सांभाळेल.

पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी मी रडत बसले होते. बाबांचा फोन आला होता आणि ते म्हणाले होते, "ये परत." मी पेटी भरायला घेतली. सिस्टरबाई दारात उभ्या राहिल्या आणि हात वर झाला. "वरतं का म्हणले बाबा?" मला आठवेना. रडण्याच्या भरात मी तेवढंच ऐकलं होतं. त्यांनी स्वतः फोन लावला. बाबा म्हणाले, "मी म्हनलो, जेवाची आबाळ होऊन राहिली असल, करमत नसल, त ये परत दोन दिवस. मंग मी सोडून देतो." मी आज शिकलेली आहे ती त्या फोनमुळे. पुढे तीन वर्षांत मी प्रश्नपत्रिका असो की नोकरीची जाहिरात, वरून खालपर्यंत वाचल्याशिवाय कधी हात लावला नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत प्रार्थना व्हायची. त्या आदल्या दिवशीच मोठी निळी सतरंजी झटकून ठेवायच्या. पाच-सहा घरांतली माणसं यायची. त्यांत शालिनीबाई असायच्या, सिस्टरबाईंच्या नर्सिंगच्या ट्रेनिंगपासूनच्या मैत्रीण. दोघी सतरंजीच्या एकाच कोपऱ्यात बसायच्या, एकाच पुस्तकातून गायच्या आणि शालिनीबाईंचा सूर चुकला की सिस्टरबाई त्यांना कोपराने ढोसायच्या. मी हिंदू घरची. आतल्या खोलीत अभ्यास करत बसायची, पण सगळं कानावर पडायचं.

भांडण झालं ते मंडईवरून. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. घरोघरी पाहुणे येतात, आणि ज्याच्या घरी काही तळलं असेल तो शेजारी ताट पाठवतो. काकूंच्या घरून दरवर्षी पुऱ्या आणि उडदाच्या वड्यांचं ताट यायचं. काकू ताट हातात देताना नेहमी एकच बोलायच्या, "घे वो सिस्टर, देवाले दाखवून आनलं." त्यांच्या लेखी त्या वाक्यात सगळा मान होता, पहिला घास देवाचा, दुसरा सिस्टरचा.

शालिनीबाईंचा मुलगा संतोष बाहेरगावच्या एका शिबिरातून शिकून आला होता. मनाचा सरळ पोरगा. त्याने पडवीत उभं राहून सांगितलं की मूर्तीपुढे ठेवलेलं खाणं पाप आहे, बायबलमधल्या पत्रात पौलाने करिंथकरांना तसं स्पष्ट लिहिलं आहे. म्हातारे दौलतमामा उसळले. "कायले पाप? त्याच पत्रात लिहून आहे, मूर्ती म्हंजे कायीच नाई. मंग खाल्लं त का बिघडलं? आपन शेजाऱ्यायशी बोलनं बंद कराचं का गा?" दोघांजवळही ओळ होती. दोघांचीही बोटं त्या ओळीवर होती. सिस्टरबाईंनी हात वर केला.

"संतोष, तू खालची वाचली. मामा, तुमी वरची. आपन ते पत्र पयल्यापासून वाचू. दर रविवारी थोडं थोडं. मंग बोलू."

"आत्या, हो का नाई ते सांगा," संतोष म्हणाला. "पोरं विचारून राहिले."

"मले नाई समजलं अजून," सिस्टरबाई म्हणाल्या.

हेच त्यांना भोवलं. माणसं चुकीचं उत्तर सहन करतात. "नाही समजलं" सहन करत नाहीत. दोन-तीन रविवारांत संतोषच्या घरी वेगळी प्रार्थना सुरू झाली आणि दौलतमामांच्या घरी वेगळी. दोन्हीकडून बोलावणं आलं, पण आमच्या बाजूने बोला म्हणून. सिस्टरबाई कुठेच गेल्या नाहीत. शालिनीबाई मुलाबरोबर गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं? म्हातारपणी राहायचं मुलाजवळच होतं.

सिस्टरबाई तरीही शनिवारी सतरंजी झटकायच्या आणि रविवारी, आणि मंडईच्या दिवशीही, पूर्ण अंथरायच्या. मी एकदा म्हटलं, "एकटीसाठी एवढी मोठी कशाला, चटई घ्या ना." त्या म्हणाल्या, "कोनी आलं त भुईवर बसवू का?" मग आपल्या कोपऱ्यात बसून त्या मोठ्याने वाचायच्या. शेजारची जागा तेवढी सोडलेली असायची. गाणं मात्र त्यांनी बंद केलं होतं.

त्या पत्रातलं मला जे कळलं ते त्यांच्या वाचण्यातूनच. एका ठिकाणी लिहिलं होतं की मूर्ती काही नाही, पण तुझ्या खाण्याने दुसऱ्याचं मन डळमळत असेल तर खाऊ नको. पुढे होतं की कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, विचारत बसू नको. आणि लगेच खाली, कोणी सांगितलंच की हे देवाला दाखवलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नको. इथे येऊन त्या दरवेळी अडायच्या. चष्मा काढून माझ्याकडे बघायच्या. "सांगनाऱ्यासाठी नोको खाऊ म्हनते. पन आमची सांगनारी त खाल्लं नाई तर रडते. तिच्यासाठी का करू?" मी माझं अर्थशास्त्राचं पुस्तक पुढे ओढायची.

माझ्या शेवटच्या वर्षाला मंडईच्या दिवशी शालिनीबाई अचानक आल्या. वर्षभरात पहिल्यांदा. आल्या आणि सवयीने सतरंजीच्या कोपऱ्यात बसल्या. "चहा पाज वो," म्हणाल्या. गडबडीत सिस्टरबाईंच्या हातून चहाची साखर पातेल्याबाहेरच जास्त सांडली. दोघींचं दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरांवरून हसणं सुरू झालं आणि त्याच वेळी काकू ताट घेऊन पडवीत आल्या. "घे वो सिस्टर, देवाले दाखवून आनलं."

शालिनीबाईंचा कप हातातच थांबला. सिस्टरबाईंनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाजवळ नेलं नाही, खालीही ठेवलं नाही. त्या काकूंना म्हणाल्या, "कांता, आज मी खात नाई. हे माझी मैत्रीन लय दिवसानं आली. मी खाल्लं त हिच्या मनाले लागल. तुले राग आला त उद्या येऊन मले शिव्या दे."

काकू पदर सावरून गेल्या. शालिनीबाईंनी त्या ताटाकडे पाहिलं. "घेतलं त तू हातात," म्हणाल्या, आणि चहा अर्धा ठेवून त्याही गेल्या.

सिस्टरबाईंनी ताट माझ्यापुढे ठेवलं. "तू खा. तुले कायी बंदी नाई." मी खात असताना त्या समोर बसून राहिल्या. "मीठ जास्त आहे ना? तिच्या वड्यात दरवर्षी राहते." मग म्हणाल्या, "लिहून आहे तसंच केलं ना मी? मंग दोघीही काऊन गेल्या?"

पदवीचा कागद घ्यायला मी पुढच्या वर्षी गोरेगावला गेले, तेव्हा मंडईच होती. पडवीत सतरंजी अंथरलेली होती. आम्ही दोघीच होतो. काकू ताट घेऊन आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता ते वाक्य येणार म्हणून. काकूंनी ताट टेकवलं आणि म्हणाल्या, "खाऊन घे गरम गरम. कायी विचारू नोको."

सिस्टरबाईंचा हात वर गेला नाही. त्यांनी वडा मोडला, तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मीठ जास्त आहे," म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "दरसाल राहते. तू पयल्यांदा बोलली."

सिस्टरबाई वारल्या तेव्हा मी भंडाऱ्याला नोकरीला लागले होते. पोहोचले तेव्हा पडवीत दोन्हीकडची माणसं होती, दोन बाजूंना. दफनभूमीत संतोषने मोबाइलवरून विसाव्याबद्दलची एक ओळ वाचली आणि मोबाइल खिशात टाकला. तेव्हा गर्दीतून एक हात वर गेला, एसटी थांबवावी तसा. शालिनीबाई होत्या. "थांब बाबू. वरतून वाच. तिले अर्धं चालत नवतं."

संतोषने मोबाइल पुन्हा काढला. अध्याय मोठा होता. ऊन होतं. दौलतमामा काठीवर रेलून उभे होते, काकू फाटकापाशी. कोणी हललं नाही. शालिनीबाई किंचित डावीकडे सरकून उभ्या होत्या, शेजारी एक जागा सोडून.

मला वाटलं होतं, आता हे सगळे एकत्र बसतील. काही रविवार गेल्यावर मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, संतोषची प्रार्थना संतोषच्या घरी आहे, मामाची मामाच्या घरी. सिस्टरच्या घराला कुलूप आहे.

"आणि सतरंजी?" मी विचारलं.

"माह्या घरी आनली. भुईवर बसवनार का कोनाले?"

"आलं का कोणी?"

"अजून नाई," काकू म्हणाल्या. "पन शनवारी झटकून ठेवतो."