काळी एकचा गळा

बाईनं काळी चारमध्ये गावं, असं कुठल्या शास्त्रात लिवलंय ते मला अजून कुणी दाखवलेलं न्हाय. पेटीवरची ती पट्टी उंच, बारीक गळ्याची. माझा गळा काळी एकचा, बाप्यांच्या पट्टीतला. लोकांनी जन्मभर नाकं मुरडली, आणि मी पंधरा वर्षं नाटकांतनं त्याच पट्टीत गायले. म्हणा काय म्हणायचं ते!

गळा असा झाला निपाणीत, तंबाखूच्या वखारीत. आई तिथं तंबाखू चाळायची, बाराव्या वर्षापासनं मी तिच्या शेजारी. तोंडावर पदर बांधला तरी भुकटी आत जायचीच. आईचा आवाज पार गेलेला, चाळण घासल्यागत खरखर. लोक हसतात म्हणून परक्यांपुढं ती तोंडच उघडायची न्हाय. माझा आवाज खाली उतरला, पण सुरात राहिला. भीमजयंतीला गल्लीत गायचे, तेव्हा माईक लागायचा न्हाय.

आणीबाणी उठली त्या सालात बेळगावच्या एका हौशी नाटक मंडळीनं मला बोलावलं. भूमिका वखारीत राबणाऱ्या आईची. तिचा पोरगा मरतो आणि ती गाते. एकच गाणं, पण त्याच्यासाठीच मी वखार सोडून हो म्हणलेलं. पेटीला अनगोळचे एक अण्णा, मंडळीचे चालकही तेच. हातात जादू, तोंडात सुपारी. पहिल्याच तालमीला त्यांनी वरचा सूर दिला आणि माझा आवाज फाटला. पुन्हा दिला, पुन्हा फाटला.

"अण्णा, जरा खाली घ्या की."

"बाई हाईस का बाप्या? लोक हसून लोळतील."

"वखारीतल्या बाईचा आवाज असाच असतोय. माझ्या आईला येऊन ऐका!"

"तुझी आई तिकीट काढून नाटकाला येणार हाय व्हय गं?"

लई झोंबलं. आठ दिवसांनी त्यांनी गाणंच कापलं. म्हणाले, "नुसती रड. चालतंय."

पहिला प्रयोग संकेश्वरला. आई आलती, वखारीतल्या चार बायका संगं घेऊन. पोरगा मेला, मी त्याच्या उशाला बसले. विंगेत अण्णांनी पेटीचा भाता मिटून ठेवलेला. मी गप रडायचं, एवढंच ठरलेलं. तेवढ्यात समोर आई दिसली, तोंडाला पदर लावून बसलेली, आणि माझं डोकंच फिरलं. गप? जन्मभर ती गपच की!

मी तोंड उघडलं. काळी एक. पेटी न्हाय, तबला न्हाय. पहिल्या ओळीला मागं कुणीतरी फिसकन हसलं. हसू दे मुडद्याला! दुसऱ्या ओळीला मी आणखी खाली उतरले, मग कुणी हसलं न्हाय. शेवटच्या कडव्याला तबलेवाल्यानं हळूच ठेका धरला. अण्णांनी भाता काही उघडला न्हाय.

पडदा पडल्यावर ते तावातावानं आले. "पेटीशिवाय गातेस? उद्यापासनं तू न्हाईस."

"नसू दे. गळा माझा हाय, मी घेऊन जाते," मी म्हणलं खरं. पण हे नाटक गेलं तर मी परत वखारीत, हे मला माहीत होतं.

मागनं आई आली. सगळ्या मंडळींसमोर तिनं तोंडावरचा पदर काढला आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाली, "मास्तर, आम्ही पाचजणी तिकीट काढून आलोय. पेटी उघडा. पोरीचं गाणं परत ऐकायचंय."