झाकण कापलेली कनू

सकाळी पुण्यातून निघाले तेव्हा गाडीच्या टपावर लाल प्लॅस्टिकची कनू होती, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी. ही खळाळत्या पाण्यातली कनू, वरून सगळी झाकलेली. मधे एक भोक, त्यात गुडघे टेकून बसायचं. दोन वर्षांपूर्वी हिमालयातल्या एका नदीत ती माझ्यासकट उलटली आणि गुडघा डेकखाली, म्हणजे त्या वरच्या झाकणाखाली, अडकला. सोबत्याने ओढून काढलं म्हणून आज हे लिहितेय. तेव्हापासून त्या भोकात पाय घातला की श्वासच कोंडतो. म्हणून ठरवलं, झाकणच कापून टाकायचं. एवढं करूनही जमलं नाही, तर वल्हं खाली ठेवायचं आणि गपगुमान घरी बसायचं.

नारायणगावच्या अलीकडे चहाला थांबले. बेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या एका व्यापाऱ्याने टेम्पोतून उतरून कनूला प्रदक्षिणा घातली आणि ह्या कुंडीवर (जनावरांना पाणी पाजायचं टाकं) किती म्हशी पाणी पितील, असं विचारलं. मी म्हटलं, सध्या एकच म्हैस आहे, तीही पाण्याला घाबरते. त्याला काही कळलं नाही. बिचारा मान डोलावून गेला.

पिंपळवंडीला माझा आतेभाऊ बाळू शेती करतो, शिवाय प्लॅस्टिकचे ड्रम उभे कापून मेंढपाळांना कुंड्या बनवून देतो. त्याच्या बायकोने आधी मासवडी (तिखट सारणाची बेसनाची वडी, मासा फक्त नावात) आणि बाजरीची भाकरी खाऊ घातली. रस्सा असा की नाकाडोळ्यांतून पाणी. मग अंगणात काम सुरू झालं. कडेला चार बोटं पट्टी सोडून मी खडूने रेघ मारली, बाळूने कटर मशीन चालवलं. डेकचा पहिला तुकडा खाली पडला तेव्हा मला गलबलून आलं. कितीही झालं तरी हिनेच मला एवढ्या नद्या दाखवल्या होत्या. झाकण गेल्यावर कडा लेच्यापेच्या झाल्या, म्हणून आडवा पाइप बसवला. उलटली तर बुडू नये म्हणून दोन्ही टोकांना हवा भरलेल्या ट्यूब बांधल्या.

मी हात धुऊन येते, तोवर बाळूने हातासरशी तळाला भोक पाडलेलं. कुंडी धुताना पाणी सोडायला भोक लागतंच, त्याच्या हाताला सवय. आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत बसलो. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं, की चला, आता जायला नको. ह्या हायसं वाटण्याचीच मला जास्त लाज वाटली. हे प्लॅस्टिक गोंदाने धड चिकटत नाही. शेवटी डेकचाच एक तुकडा वितळवून भोक बुजवलं. बाळू इतका ओशाळला की दुसऱ्या दिवशी कांद्याची लागण सोडून माझ्याबरोबर निघाला.

घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाच्या कडेने आहुप्याच्या रस्त्याला लागलो. भातं पिवळी पडत आलेली, धरण भरलेलं, वारा नाही. एका उतारावर कनू पाण्यात सोडली. मी लाइफ जॅकेट घातलं. बाळूने कनूच्या टोकाला दोर बांधला.

"ताई, काय झालंच तर मी वढून घेतो. तू बिनघोर जा."

गुडघे टेकले. मांड्यांवर काही नाही, वर नुसतं आभाळ. श्वास चालू होता. थोडं वल्हवून पाहिलं, बुजवलेलं भोक कोरडं. पण नुसतं बसता येणं ही काही परीक्षा नव्हे. मी एका अंगाला कलले आणि कनू मुद्दाम उलटवली.

पाणी गार. डोळे उघडले तर हिरवट उजेड, आणि मी केव्हाच बाहेर. कशात काही अडकलं नाही. पाय चिखलाला टेकले, उभी राहिले, तर पाणी छातीएवढं. तिकडे बाळू मान खाली घालून, जीव खाऊन दोर ओढत होता. पालथी कनू काठाला लागली. त्याने ती उलथवली, आत पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"ताई, तू आत न्हाई," तो त्या रिकाम्या कनूलाच म्हणाला.

"नाही रे," मी मागून म्हटलं. "मी आत नाहीये."

आणि मला रडू फुटलं. बाळू आधी लई चिडला, मग तोही उपरण्याने डोळे पुसायला लागला. त्यानंतर मी दोर सोडायला लावला आणि उन्हं कलेपर्यंत पाण्यातून बाहेर आले नाही.

परतताना गाडी त्यानेच चालवली. भीती गेली, असं मी लिहिणार नाही. ती अंगात मुरलेली असते. पण त्या दिवशी पाण्याखाली माझे डोळे उघडे होते.