आक्काची पावसाची टीम

"पाणी दे गं सुमे, एकच घोट," आक्का म्हणत व्हती आन् मी बाटली पदराखाली दाबून धरलेली. माणसं भरून न्हेणारी वडापची जीप अडकून पडली व्हती, म्होरं उसाची ट्रॉली उलटलेली, समद्या डांबरीवर ऊसच ऊस. मांडीवर माजं लेकरू रडतंय, खांद्यावर आक्काचं डोकं, आन् तिच्या छातीतनं भात शिजल्यावानी बुडबुड आवाज येतोय. बारामतीच्या दवाखान्यात मशीनवर पोचली तर जगंल, न्हायतर न्हाय. डॉक्टरनं फोनवर सांगितलेलं, अंगात पाणी साठलंय, आता घोटभर बी देऊ नका, फुप्फुसात चढंल.

आक्का म्हंजी माजी थोरली जाऊ. तुमी तिला बघितलं न्हाय म्हणून सांगते. मी लग्न होऊन अंथुर्ण्यात आले तवा ती ओट्यावर बसलेली, एका हातानं लसूण सोलतीया, दुसऱ्या हातात मोबाईल. मला म्हणली, "थांब, पाऊस पडू दे, मग उठते." मी भाईर बघितलं तर रखरखीत ऊन. ती खदाखदा हसली. "तितला न्हाय गं, हितला!" मोबाईलात एक रेड्यावानी जनावर, पाठीवर ढग घेऊन उभं, आन् धो धो पाऊस.

दोघांनी खेळायचा खेळ, ज्येची त्येची सहा जनावरं, झुंज लावायची. आक्काची दोनी किडनी गेलेली, आठवड्यातनं दोनदा बारामतीला डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागायचं. डाव्या हातात सुया, उजव्या हातात खेळ. मी लेकरू घिऊन शेजारी बसायचे, तवा मला शिकवायची. "जनावर किती दांडगं ते मागनं बघ, आधी हवा कुणाची ते बघ. पयलं पाऊस पाडणारं घ्यायचं. मग दोन अशी, जी पावसात दुप्पट पळत्यात. मग एक विजेचं, एरवी त्येचा नेम चुकतो, पावसात चुकतच न्हाय. आन् एक असं ठेवायचं जे कोरड्यात बी उभं ऱ्हातंय. समदा भरवसा पावसावर टाकला आन् समोरच्यानं ऊन पाडलं, की आपली टीम म्हंजी चिखलातल्या म्हशी."

इंदापूरचा एक जण कायम ऊन पाडणारी टीम आणायचा. आक्का त्येला लिवायची, "ये भावा, छत्री आणलीस का?" त्यो हरला की लिवायचा, भावा, तू लई डोक्याचा हायस. मी म्हणलं, सांग की बाई हाय म्हणून. म्हणली, "भावाच ऱ्हाऊ दे. बाई म्हणून कळलं की खेळ सोडून फोटू मागत्यात."

एकदा इचारलं, आक्का, पावसाचीच टीम का गं? उन्हाची बी असती, वादळाची बी असती. तिनं माज्याकडं बघितलंच न्हाय. "मला दिसाला पेलाभर पाणी मोजून. तितं तरी पडू दे की."

आन् एक गोष्ट लई येळा सांगायची. "पाऊस पाच डाव टिकतो, सुमे. मशीनचं बी तसंच, तीन-चार दिस. संपायच्या आत परत पाडायचा. एक डाव उशीर झाला की गेली टीम."

मग गावची जत्रा आली, आन् नेमका मशीनचा दिस. आत्याबाई, आमची सासू, म्हणल्या, "पाव्हणं जेवायला यायचं आन् थोरली सून गावाला? मटण कोण शिजवणार? मशीन काय पळून जातंय व्हय?" आक्का म्हणली, "ऱ्हाऊ द्या, उद्या जाते." मी चुलीपशी जाऊन हळूच म्हणलं, "आक्का, तूच म्हणतीस न्हवं, एक डाव उशीर…" तिचं हात मसाल्यात बरबटलेलं. म्हणली, "त्यो खेळ हाय. हितं सासू हाय."

दिसभर जाळापशी बसली. पाव्हणं म्हणलं, सूनबाईंच्या हाताला चव हाय. सगळ्यांच्या मागनं तिनं तसलाच खारट रस्सा खाल्ला, मग तहान लागली आन् किती पाणी प्याली कुणाला ठावं. सकाळी उठली तर तोंड सुजलेलं, दम पुरंना. भाऊजी, म्हंजी आक्काचा नवरा, कंपनीत ड्युटीवर, माजा नवरा ऊसतोडीवर. मीच लेकराला काखंत मारलं आन् तिला जीपमदी घातलं.

मागल्या शिटावरचं एक तात्या वरडलं, "बाई, माणूस पाणी मागतंय आन् तू बाटली दाबतीस? काळीज हाय का धोंडा?" मी म्हणलं, तात्या, डॉक्टरनं न्हाय म्हणलंय. "डॉक्टर हाय का हितं? मरणाऱ्याला कुणी पाणी न्हाय म्हणतं का?" रस्त्याकडंच्या वस्तीवरनं एक बाई तांब्या भरून पळत आली. "सरक बाजूला, मी पाजते." मी तांब्याला हात आडवा घातला, पाणी आक्काच्या साडीवर सांडलं. आक्कानं त्यो वला पदर तोंडाकडं वढला आन् चोखाय लागली. मी त्यो बी तिच्या हातातनं सोडवून घेतला. तवा तिनं माज्याकडं बघितलं.

ट्रॉली हलायच्या आत ती गेली.

डॉक्टर म्हणला, पाजलं असतं तर आणखी लवकर गेली असती. पर आत्याबाई आता माज्या हातचं पाणी घेत न्हाईत. जत्रंचं कुणी नाव काढत न्हाय. आयाबाया म्हणत्यात, तहानलेली गेली, तिचा जीव घुटमळतोय, लेकराला जप. काल लेकराचं अंग तापलं, ते पाणी पाणी करत व्हतं, आन् पेला त्येच्या तोंडाला लावायच्या आधी मी डॉक्टरला फोन करून इचारलं, पाजू का.

ती तशी बी जाणारच व्हती, तर घोटभर दिलं असतं तर काय बिघडलं असतं? आन् मी पाजलं आन् ट्रॉली तेवढ्यात हलली असती तर? मला सांगा, मांडीवर लेकरू, हातात बाटली, आन् तुमच्या आक्कानं तसं बघितलं असतं, तर तुमी काय केलं असतं?