थोरलीची शाळा, धाकटीची शाळा

आमच्या मुली जुळ्या. एक दुसरीपेक्षा काही मिनिटांनीच मोठी, पण घरात थोरली-धाकटी म्हणायची सवय पडली ती पडलीच. नववीत असताना दोघींनी शहराच्या पश्चिम टोकाच्या एका सरकारी हायस्कूलच्या खास अभ्यासक्रमासाठी परीक्षा दिली. थोरलीला प्रवेश मिळाला, धाकटीला नाही.

आम्ही कॅनडातल्या कॅल्गरीच्या ईशान्येला राहतो, विमानतळाच्या अंगाला. आलो तेव्हा इथलंच घर परवडलं, आणि पुढे कढीपत्त्यापासून पनीरपर्यंत सगळं हाताशी मिळतं म्हणून राहिलो. धाकटी आमच्याच वस्तीतल्या शाळेत चालत जाऊ लागली. थोरलीची शाळा म्हणजे पूर्ण शहर ओलांडायचं. शाळेची बस आमच्या भागात येत नव्हती, त्यामुळे सकाळी मी तिला गाडीने सोडायची आणि दुपारी ती सिटी बस, मग सी-ट्रेन म्हणजे इथली लोकल, मग पुन्हा बस असं करत घरी यायची. तिला सोडून मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला जायची. थंडीत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना दिवस सुरू व्हायच्या आधीच संपल्यासारखा वाटायचा.

तक्रार करायची सोय नव्हती. नवरा उदगीरकडच्या खेड्यातला, लातूरला खोली करून शिकलेला. डबा, क्लास, रात्रीचा अभ्यास, यातून तो इंजिनियर झाला आणि इथे तेल कंपनीत लागला. मी अकोल्याची. बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो पेपरात बघत मोठी झाले. मुलगी चांगल्या शाळेत गेली की तिला सोडायला जायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

दोन्ही शाळांच्या पालकसभांना मीच जायची. थोरलीच्या शाळेत जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, छताला देशोदेशीचे झेंडे टांगलेले होते. इथे किती भाषा बोलल्या जातात ते मुख्याध्यापकांनी अभिमानाने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. माझ्यापुढे रांगेत कोरियन आई होती, मागे इराणी जोडपं, बाजूला दोन चिनी कुटुंबं, आणि आपली मंडळी तर होतीच. पण शिक्षकांच्या टेबलापाशी पोचल्यावर सगळे एकच प्रश्न विचारत होते. ब्याण्णव का पडले, शहाण्णव का नाहीत. बहुतेकांची मुलं त्याच दोन-तीन क्लासना जात होती, तेच पियानोचे शिक्षक, त्याच उन्हाळी शिबिरांचे अर्ज. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच विचारलं.

धाकटीच्या शाळेत सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आले होते ते सरळ कामावरून, विमानतळाची चकाकती जाकिटं अंगात, कुणी टॅक्सी बाहेर लावून. पंजाबी, फिलिपिनो, इरिट्रियाचे, सीरियाचे, इथले मूळ रहिवासी. इथे झेंडे नव्हते. सोशल स्टडीजचे शिक्षक म्हणाले, "तुमची मुलगी वर्गात असली की वर्गाला मजा येते."

"आणि अभ्यास?" मी विचारलं.

"शी इज डुइंग फाइन."

"फाइन म्हणजे किती?"

त्यांनी जरा विचार केला आणि पुन्हा म्हणाले, "फाइन."

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "तिच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नाहीये." थोरली त्या वेळी जेवता जेवता केमिस्ट्री वाचत होती. तिने वर पाहिलं नाही.

अकरावीतल्या जानेवारीत, सकाळी तिला नेहमीसारखं फाटकाशी सोडून मी लॅबमध्ये गेले. साडेदहाच्या सुमाराला शाळेचा फोन आला. माणसाचा नव्हे, यंत्राचा. आमच्या आडनावाची वाट लावत त्याने सांगितलं की तुमची विद्यार्थिनी आज गैरहजर आहे. मी स्वतः सोडलेली मुलगी गैरहजर कशी? तिला फोन केला, बंद. नवरा मीटिंगमध्ये. मग धाकटीला लावला. तिने उचलला नाही, थोड्या वेळाने मेसेज आला: ती इकडे माझ्या शाळेत आहे, ठीक आहे, तू येऊ नकोस.

मी सुपरवायझरला सांगून निघालेच. रस्ते निसरडे होते. गाडी चालवताना मी ओरडायची वाक्यं जुळवत होते आणि मध्येच माझ्या लक्षात यायचं की ओरडायलाही अंगात जोर लागतो.

धाकटीच्या शाळेच्या ऑफिसात एक फिलिपिनो बाई होत्या. त्यांनी मला सही करायला लावली, कोटावर व्हिजिटरचं स्टिकर चिकटवलं. मी काय ते सांगितल्यावर म्हणाल्या, "हो, बहिणीबरोबर आली आहे. खरं तर परवानगी नाही, पण थंडीत बाहेर कुठे पाठवणार? जेवतेय ती. जेवून होऊ दे, मॅडम."

कॅफेटेरियाच्या दारातल्या काचेतून मला ती दिसली. धाकटीच्या मैत्रिणींच्या टेबलाशी बसली होती. कुणाच्या तरी डब्यातल्या शेवया खात होती. हिजाब घातलेली एक मुलगी हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि थोरली तोंडावर हात धरून हसत होती. घास नाकात जाईल की काय असं हसणं. मी आत गेले नाही. जिमबाहेरच्या बाकावर बसले. बूट ओले होते, पाठ दुखत होती. किती दिवसांनी मी दिवसाउजेडी कुठे नुसती बसले होते.

घंटा झाल्यावर दोघी बाहेर आल्या. धाकटीने पुढचा तास बुडवायची परवानगी काढली होती. गाडीत बसल्यावर मी थोरलीला विचारलं, "काय झालं शाळेत?"

"काही नाही."

"कुणी काही बोललं? टेस्ट होती?"

"टेस्ट होती. पण मला येत होतं सगळं." मग बेल्ट लावत, "नथिंग हॅपन्ड, आई. रोज नथिंग हॅपन्स. मी आत गेले, सगळे लॉकरपाशी खाली बसून फ्लॅशकार्ड्स वाचत होते. कुणी वर बघितलं नाही. मीही रोज तशीच बसते. आज मला बसवेना. मी परत बाहेर आले आणि बस घेतली."

"तुझ्या वर्गात ती मैत्रीण आहे ना, जिच्याबरोबर तू अभ्यास करायचीस?"

"आम्ही दोघींनी एकाच रिसर्च कॅम्पला अप्लाय केलंय. आता ती नोट्स देत नाही. मी पण देत नाही."

धाकटी मागच्या सीटवरून म्हणाली, "निदान नोट्स देण्यासारखं काही आहे तुमच्याकडे. आमचे फिजिक्सचे सर ऑक्टोबरपासून रजेवर आहेत. जे येतात ते व्हिडिओ लावतात. पुढच्या वर्षी मुलं कमी पडली तर वर्गच नाही म्हणतात."

"तुला फिजिक्स कशाला हवंय?" थोरली म्हणाली.

"का? मला नको असेल असं कुणी ठरवलं?"

"तुझ्याकडे माणसं आहेत!"

"आणि तुझ्याकडे टीचर्स आहेत!"

दोघी इंग्रजीत भांडू लागल्या, एकमेकींचं बोलणं तोडत. मी सिग्नलला थांबले होते. इतकी वर्षं मी धाकटीची काळजी करायची, थोरलीची करायची नाही, असं ठरवून टाकलं होतं. आता दोन्हीकडची एकदम समोर आली आणि सिग्नल हिरवा झाला तरी मागच्याने हॉर्न देईपर्यंत मला कळलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो थोरलीला शांतपणे म्हणाला, "दीड वर्ष राहिलंय. एवढं काढ. लातूरला आम्ही एका खोलीत पाच जण होतो. कुणाला मजा येत होती?"

थोरली नेहमी त्याच्याशी इंग्रजीत बोलते. त्या दिवशी मराठीत बोलली, अडखळत. "बाबा, तुम्हाला तिथून बाहेर पडायचं होतं. मला कुठून बाहेर पडायचंय? आपण ऑलरेडी इथे आहोत ना?"

 त्याने पानातली भाकरी संपवली, जाकीट घातलं आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढायला गेला. खिडकीतून मला दिसत होतं, फारसा बर्फ नव्हताच.

पुढच्या आठवड्यात मी दोन्ही शाळांच्या समुपदेशकांना भेटले. थोरलीला वस्तीतल्या शाळेत आणायला एक ईमेल पुरला. धाकटीसाठी मी विचारलं, तिकडच्या शाळेत नुसतं फिजिक्स आणि गणित करता येईल का, खास अभ्यासक्रम नको. तिकडच्या बाई फार सौजन्याने बोलल्या. आधी त्यांनी पत्ता विचारला, मग संगणकावर नकाशा उघडला. तुम्ही आमच्या हद्दीत राहत नाही, म्हणाल्या. आणि वर्ग भरलेले आहेत. मी म्हटलं, माझी एक मुलगी आत्ताच तुमच्या शाळेतून जातेय, म्हणजे एक जागा रिकामी झाली ना? त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पण ती जागा खास अभ्यासक्रमाच्या यादीतली होती.

सत्र बदललं तशी थोरली इकडे आली. तिला वर्गात सगळं आधीच झालेलं असायचं, आणि पहिले काही आठवडे ती नुसती झोपायची. शाळेतून आली की दप्तर दारात टाकून सोफ्यावर. मी तिला उठवत नसे. धाकटीने फिजिक्स ऑनलाइन घेतलं. अडलं की थोरली शिकवायची, आणि शिकवताना इतकी वैतागायची की दोघींना वेगळ्या खोल्यांत पाठवावं लागे. नवरा मराठी मंडळात शाळेचा विषय निघाला की चहा आणायला उठायचा. का ते मला कळायचं.

बारावीचे निकाल लागले. थोरलीला इथल्याच युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. तिकडे राहिली असती तर कदाचित टोरंटोला गेली असती, कदाचित नसती. ती पुन्हा वाचायला लागली, पण शहाण्णव मार्क ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जी चमक यायची ती आता येत नाही, आणि ती गेली हे बरं की वाईट हे मला सांगता येत नाही. धाकटीचे फिजिक्सचे मार्क बेताचेच आले. इंजिनियरिंग हुकलं. ती एडमंटनला इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करते आणि म्हणते, नंतर डिग्रीला ट्रान्सफर करीन. करेलही. एकदा फोनवर म्हणाली, "आई, इथे वर्गात मी मागे नाहीये. फक्त मला सगळं पहिल्यांदा दिसतंय." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. 

परवा मंडळाच्या जेवणाला पुण्याहून नवीन आलेलं एक जोडपं भेटलं. मुलगी तिसरीत. घर कुठे घ्यावं असं विचारत होते. बाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या मुली दोन्ही शाळांत होत्या ना? कुठली चांगली?"

मी सांगायला सुरुवात केली. शिक्षकांचं सांगितलं, कॅफेटेरियातल्या टेबलाशी हसणाऱ्या मुलींचं सांगितलं, हद्दीचा नकाशा सांगितला. त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण रँकिंगमध्ये वर कुठली?"

मी पश्चिमेकडच्या शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी ते फोनमध्ये टाइप केलं आणि मला त्याचं स्पेलिंग विचारलं. तेही मी सांगितलं.